जमिनीखालचं कोणाचं?

मोत्लोत्से ही बोट्स्वानाच्या पूर्व भागातली नदी. वर्षातले बहुतेक महिने तिच्या पात्रात नुसती वाळू असते. १९५०च्या दशकात या वाळूत तीन बारीक हिरे मिळाले. हिरा नदीत तयार होत नाही. पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या किंबरलाइट नावाच्या खडकाच्या नळीत तो असतो. नळीचा माथा ऊन-पावसाने झिजतो आणि सुटलेले दाणे पाण्याबरोबर दूर जातात. त्यामुळे हिरे शोधणारे नदीच्या उगमाकडे चालत जातात. मोत्लोत्सेच्या उगमाकडे मात्र काहीच सापडलं नाही. डी बीअर्स कंपनीचे भूवैज्ञानिक गॅव्हिन लॅमॉन्ट यांना तेव्हा वाटलं, की आज दिसतो तो या नदीचा मूळ उगम नसावा. फार पूर्वी या पट्ट्यातली जमीन वर उचलली गेली, नदीचा वरचा भाग खालच्या भागापासून तुटला आणि कालांतराने कलाहारीच्या वाळूखाली गाडला गेला, असा त्यांचा तर्क होता. तसं असेल तर हिऱ्यांचा खडक आणखी पश्चिमेला असणार. लॅमॉन्ट यांची माणसं त्या ओसाड मुलखात वर्षानुवर्षं मातीचे नमुने चाळत फिरली. १९६७मध्ये ओरापा या ठिकाणी त्यांना किंबरलाइटची नळी सापडली. माथ्याचं क्षेत्रफळ शंभर हेक्टरांहून अधिक. जगातल्या सर्वांत मोठ्या हिरेखाणींत तिची गणना होते.

त्या वेळी बोट्स्वाना जेमतेम एक वर्षाचा होता. ३० सप्टेंबर १९६६ रोजी ब्रिटिशांनी तो सोडला तेव्हा देशात डांबरी रस्ता होता बारा किलोमीटर आणि पदवीधर होते बावीस. सलग दुष्काळाने देशातली सुमारे एक तृतीयांश गुरं मेली होती, आणि गुरं हीच तिथली संपत्ती. सरकारी खर्चाचा निम्मा भाग लंडनहून येणाऱ्या अनुदानावर चालत होता. त्याआधी सत्तर-ऐंशी वर्षं ब्रिटिशांनी या मुलखाचा कारभार माफेकिंग या गावातून केला, आणि माफेकिंग या मुलखाच्या हद्दीत नव्हतंच, ते दक्षिण आफ्रिकेत होतं. ज्या प्रदेशासाठी राजधानीसुद्धा उभारावीशी वाटली नाही, त्याची राज्यकर्त्यांच्या लेखी किंमत काय होती ते यावरून कळतं. गाबोरोनेची बांधणी सुरू झाली ती स्वातंत्र्य तोंडावर आल्यावर.

अशा कंगाल देशात अचानक हिरे निघाले तर काय होतं, याची उदाहरणं त्याच खंडात आहेत. सिएरा लिओनमध्ये १९३०मध्ये हिरे सापडले. पुढे ते सत्ताधाऱ्यांच्या खिशात गेले आणि १९९१पासून अकरा वर्षं चाललेल्या यादवीला त्यांनीच पैसा पुरवला. अंगोलात बंडखोरांनी हिरे विकून बंदुका घेतल्या. बोट्स्वानात मात्र पुढच्या तीस वर्षांत दरडोई उत्पन्न इतक्या वेगाने वाढलं, की त्या काळात जगात क्वचितच दुसऱ्या देशाला ते साधलं. हे कसं झालं याची अनेक उत्तरं अर्थशास्त्रज्ञांनी दिली आहेत. माझ्या मते त्याचं मूळ एका निर्णयात आहे, आणि तो निर्णय ओरापाच्या खडकावर पहिला हातोडा पडण्याआधीच ठरलेला होता. जमिनीच्या पोटात जे आहे ते कोणाचं, हा तो प्रश्न. त्याचं उत्तर नीट समजण्यासाठी खामा घराण्याच्या तीन पिढ्या मागे जावं लागतं.

१८९५मध्ये या प्रदेशातले तीन राजे जहाजाने इंग्लंडला गेले. बामांग्वातोंचे खामा तिसरे, बाक्वेनांचे सेबेले आणि बांग्वाकेत्सेंचे बाथोएन. सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला हा मुलूख हवा होता आणि लंडनचं सरकार तो देऊन टाकायच्या बेतात होतं. शेजारी ऱ्होड्सने काय केलं ते या राजांनी पाहिलं होतं: आधी खनिज शोधायचा परवाना, मग शिपाई, मग जमीन. तिघं इंग्लंडच्या गावागावांत फिरले, चर्चमध्ये आणि सभांमध्ये बोलले, वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना भेटले आणि विंडसरला व्हिक्टोरिया राणीलाही भेटले. रेल्वेसाठी जमिनीचा एक पट्टा सोडून बाकी मुलूख त्यांनी वाचवला. त्याच वर्षाअखेरीस ऱ्होड्सच्या माणसांनी ट्रान्सवालवर केलेली चढाई फसली आणि कंपनीची पत ढासळली, याचाही त्यांना फायदा झाला.

खनिज म्हणजे संकट, हा धडा घराण्यात उतरला. खामांचा मुलगा त्शेकेदी १९२६मध्ये आपल्या चिमुकल्या पुतण्याच्या वतीने कारभार पाहू लागला, तेव्हा कंपनीने जुन्या सनदेच्या आधारे पुन्हा खाणींचा हक्क मागितला. इतर कुणी राजा असता तर रॉयल्टीच्या आकड्यावर घासाघीस केली असती. विशीतल्या त्शेकेदीने खाणच नको म्हटलं. १९३०मध्ये तो स्वतः लंडनला जाऊन मंत्री लॉर्ड पासफील्ड यांच्यासमोर उभा राहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. खाण आली की गोरे येतील, गोरे आले की दक्षिण आफ्रिका म्हणेल हा भाग आमच्यात घाला, आणि मग खाणीतून काय निघालं याला काही अर्थ उरणार नाही. पुढे बरीच वर्षं वाद चालला. अखेर कंपनी खाण न काढताच निघून गेली. दारिद्र्यात असलेल्या एका समाजाच्या प्रमुखाने समोर आलेली संपत्ती नाकारली, हे तेव्हा अनेकांना हट्टी वाटलं. मला ते दूरदृष्टीचं वाटतं. खनिज जमिनीत राहिलं तर कुजत नाही. ते कोणत्या वेळी आणि कोणाच्या राज्यात बाहेर निघतं, यावर सगळं अवलंबून असतं, आणि १९३०मध्ये ते निघालं असतं तर दुसऱ्याच कोणाच्या तरी राज्यात निघालं असतं.

ज्या पुतण्यासाठी त्शेकेदी राज्य राखत होता तो सेरेत्से. त्याने ऑक्सफर्डला शिक्षण घेतलं, लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू केला, आणि सप्टेंबर १९४८मध्ये रूथ विल्यम्स या इंग्रज मुलीशी लग्न केलं. त्शेकेदी संतापला. सेरोवे गावात कगोटला भरली. कगोटला म्हणजे आपल्याकडच्या चावडीसारखी जागा, फरक एवढाच की इथे कुणीही उठून राजाला चार शब्द सुनावू शकतो आणि राजाने ते ऐकून घ्यायचे असतात. दिवसेंदिवस बोलणी झाली आणि १९४९च्या जूनमध्ये लोकांनी काकाचं म्हणणं बाजूला ठेवून सेरेत्से आणि त्याच्या बायकोला स्वीकारलं.

लोकांनी स्वीकारलं, पण लंडनने नाही. दक्षिण आफ्रिकेत नुकतंच मलान यांचं वर्णद्वेषी सरकार आलं होतं. सीमेपलीकडे एका काळ्या राजाची राणी गोरी आहे, हे त्यांना सोसवणारं नव्हतं. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनला दक्षिण आफ्रिकेचं सोनं हवं होतं आणि अणुबाँबसाठी तिथलं युरेनियम. चौकशी नेमली गेली. चौकशी करणाऱ्यांनी लिहिलं की सेरेत्से राज्य करायला योग्य माणूस आहे, अडचण शेजाऱ्यांच्या विरोधाची आहे. हा अहवाल सरकारने दडपून ठेवला आणि १९५०मध्ये सेरेत्सेला त्याच्याच देशातून हद्दपार केलं. सहा वर्षं तो इंग्लंडमध्ये राहिला. बामांग्वातोंनी या काळात दुसरा प्रमुख निवडायला ठाम नकार दिला. शेवटी १९५६मध्ये राजेपदावरचा हक्क सोडून, साधा नागरिक म्हणून सेरेत्से परतला.

पुढच्या निर्णयाचा विचार करताना मला ही सहा वर्षं महत्त्वाची वाटतात. दुसऱ्या देशाच्या खाणींची गरज एखाद्या माणसाचं घर कसं हिरावून घेते, हे त्याने पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आणि परत आला तेव्हा त्याच्याकडे गादी नव्हती. त्यामुळे आपल्या जमातीपलीकडचा विचार करायला तो मोकळाही झाला होता.

काका-पुतण्याचा समेट झाला, आणि खाणीबद्दलचा जुना नकारही आता बदलला. दक्षिण आफ्रिकेत सामील होण्याचा धोका ओसरत होता. १९५९मध्ये बामांग्वातोंनी ऱ्होडेशियन सिलेक्शन ट्रस्ट या कंपनीशी करार केला. त्यांच्या मुलखात, सेलेबी-फिक्वे भागात, तांबं आणि निकेल मिळण्याची चिन्हं होती. त्याच वर्षी जूनमध्ये त्शेकेदीचं लंडनला निधन झालं. या कराराचं एक कलम लक्षात ठेवण्यासारखं आहे: रॉयल्टी जमातीला मिळणार होती. देश अजून अस्तित्वात यायचा होता.

आता प्रसंग असा. १९६२च्या सुमारास सेरेत्से आणि क्वेट मासिरे यांनी बोट्स्वाना डेमोक्रॅटिक पार्टी उभी केली. मासिरे बांग्वाकेत्से जमातीतले, शेती आणि पत्रकारिता करणारे. १९६५च्या निवडणुकीत पक्षाने ३१पैकी २८ जागा घेतल्या. त्यांच्या जाहीरनाम्यात एक वचन होतं: जमातींशी बोलणी करून सर्व खनिजांचे हक्क राष्ट्राकडे घेऊ. विचार करा, हे वचन कोण देत होतं. देशातली सर्वांत मोठी जमात बामांग्वातोंची, तांबं-निकेल सापडलेलं तेवढं त्यांच्याच जमिनीत, आणि जन्माने त्यांचा राजा असलेला माणूस म्हणत होता की हे आमचं एकट्याचं नको. ज्याच्याकडे गमावण्यासारखं सर्वांत जास्त होतं त्यानेच पहिल्यांदा पुढाकार घेतला, मग इतरांना ‘आमचं का सोडायचं’ हे विचारणं अवघड झालं. शिवाय बाकीच्या जमातींच्या जमिनीत तेव्हा फारसं काही सापडलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचं एकत्र करण्यात त्यांना तोटा दिसत नव्हता. १९६७मध्ये कायदा झाला आणि जमातींनी आपले हक्क राष्ट्राच्या स्वाधीन केले. ओरापाची नळी सापडली ती त्याच वर्षी, आणि तीही बामांग्वातोंच्याच मुलखात.

दोन-तीन वर्षांचा उशीर झाला असता तर? हिरे हाती आल्यावर कोणती जमात ते वाटून घ्यायला तयार झाली असती? नायजेरियातल्या बियाफ्राची लढाई नेमकी १९६७मध्ये पेटली आणि तिच्यामागे तेलाच्या वाट्याचा प्रश्नही होता. काँगोतला कटांगा प्रांत तांब्याच्या जोरावर स्वातंत्र्यानंतर काही दिवसांतच फुटून निघाला होता. बोट्स्वानातही धुसफुस झाली. राजांचे अधिकार कमी होत गेले तसे बांग्वाकेत्सेंचे प्रमुख बाथोएन दुसरे, म्हणजे लंडनला गेलेल्या बाथोएनचे नातू, इतके दुखावले, की १९६९मध्ये गादी सोडून विरोधी पक्षात गेले, निवडणुकीला उभे राहिले आणि थेट उपराष्ट्रपती मासिरेंना त्यांच्याच गावी हरवलं. पण भांडण मतपेटीत गेलं, जंगलात गेलं नाही. पुढे १९७०च्या दशकात बांग्वाकेत्सेंच्याच मुलखात ज्वानेंगची नळी सापडली, मूल्याच्या हिशेबाने जगातली सर्वांत श्रीमंत हिरेखाण. तोवर हक्काचा प्रश्न केव्हाच मिटलेला होता.

इथे नशिबाचाही वाटा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. सिएरा लिओनचे हिरे नदीच्या गाळात मैलोन्मैल पसरलेले. फावडं आणि चाळणी घेऊन कुणीही जाऊन खणू शकतो, आणि टोळीला ते ताब्यात घेता येतात. बोट्स्वानाचे हिरे खोल नळीत आहेत. तिथे प्रचंड भांडवल आणि यंत्रं लागतात, एका कुंपणात सगळी खाण मावते. चोरी आणि लूट दोन्ही अवघड. तरीही कुंपणाआड निघालेला पैसा कुठे जातो, हे खडक ठरवत नाही.

सुरुवातीचा करार काही फार चांगला नव्हता. १९६९मध्ये डी बीअर्सबरोबर जी कंपनी स्थापन झाली तिच्यात सरकारचा वाटा फक्त १५ टक्के होता. खाण चालू झाली, १९७१पासून हिरे निघू लागले, साठा अपेक्षेपेक्षा समृद्ध आहे हे उघड झालं, आणि सरकारने पुन्हा बोलणी मांडली. आपल्याकडे वाटाघाटी करणारी माणसं पुरेशी नाहीत हे त्यांनी झाकलं नाही. बाहेरचे वकील आणि सल्लागार घेतले. स्वातंत्र्यानंतर इतर देश परदेशी अधिकाऱ्यांना घाईने घरी पाठवत असताना सेरेत्सेंनी त्यांना ठेवून घेतलं आणि त्यावरून टीका सोसली. १९७५मध्ये सरकारचा वाटा ५० टक्के झाला. कर आणि रॉयल्टी धरून खाणींच्या नफ्याचा सुमारे ८० टक्के भाग देशाकडे येऊ लागला. खाण ताब्यात घेण्याची घोषणा कधीच झाली नाही.

शेजारच्या झांबियाने ती घोषणा केली होती. १९६४मध्ये स्वतंत्र झालेला झांबिया बोट्स्वानापेक्षा कितीतरी श्रीमंत होता, तांब्याच्या खाणी जुन्या आणि मोठ्या. १९६९मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांनी त्यातला ५१ टक्के हिस्सा सरकारकडे घ्यायचं जाहीर केलं. १९७५च्या सुमारास तांब्याचे भाव कोसळले. भाव परत वर येतील या आशेवर सरकार कर्ज काढत राहिलं आणि देश कित्येक दशकं मागे गेला. कौंडा प्रामाणिक नेते होते, म्हणून हे जास्त वाईट वाटतं. तांब्याचा भाव उतरू शकतो, हे गृहीत धरून तिथे कुणी हिशेब मांडलाच नव्हता.

बोट्स्वानाची ही परीक्षा १९८१मध्ये आली. सेरेत्सेंना जाऊन वर्ष झालं होतं, मासिरे राष्ट्राध्यक्ष होते. हिऱ्यांच्या जागतिक बाजारात मंदी आली आणि काही महिने बोट्स्वानाचा एकही हिरा विकला गेला नाही. मासिरे स्वातंत्र्यापासून अर्थखातं सांभाळलेले. त्यांनी पगारवाढ गोठवली, चलनाचं अवमूल्यन केलं, खर्च कापला आणि साठवलेल्या परकीय गंगाजळीवर देश तगवला. हिरे मात्र स्वस्तात विकले नाहीत, तिजोरीत ठेवले. १९८७मध्ये हा साठा डी बीअर्सलाच दिला गेला, आणि मोबदल्यात रोख रकमेबरोबर त्या कंपनीचे पाच टक्क्यांहून अधिक समभाग आणि संचालक मंडळावर दोन जागा मिळवल्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी अनुदानावर जगणारं सरकार आता आपल्या खाणमालकाचं भागीदार झालं होतं.

पैशांबद्दलची शिस्त या काळात पक्की झाली. खाणीतून आलेला पैसा हा मिळकत मानायचा नाही, विकलेली मालमत्ता मानायची. म्हणून तो रस्ते, शाळा, दवाखाने, पाणी यांवरच लावायचा आणि उरलेला साठवायचा. १९९४मध्ये त्यासाठी पुला फंड सुरू झाला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सर्वांत मागास देशांच्या यादीतून बोट्स्वाना बाहेर पडला. त्या यादीतून वर निघालेला तो पहिला देश.

इथेच थांबलं तर गोष्ट गोड होते, आणि ती खोटी होते. खाणी देशाच्या, पण खाणीत काम मिळतं मूठभरांना. दवाखाने झाले, शाळा झाल्या, तरी गुरांचे मोठे कळप असलेल्या घराण्यांकडेच संपत्ती साठत गेली आणि विषमतेत हा देश जगातल्या पहिल्या काही देशांत राहिला. एड्सने तिथे जो कहर केला तो क्वचितच दुसरीकडे झाला. २०००च्या आसपास प्रौढांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांना लागण असल्याचा अंदाज होता आणि सरासरी आयुर्मान पन्नाशीखाली गेलं. हिऱ्यांच्या पैशानेच २००२मध्ये सर्वांना मोफत औषधं देण्याची योजना सुरू करता आली, हेही खरं. पण ज्यांना या प्रगतीत सर्वांत कमी विचारलं गेलं ते कलाहारीतले बासारवा, ज्यांना आपण सान म्हणून ओळखतो. १९९७ आणि २००२मध्ये सरकारने त्यांना मध्य कलाहारीच्या राखीव क्षेत्रातून हलवलं. तिथे गोपे या ठिकाणी हिरे आहेत हे माहीत होतं. हलवण्याचा हिऱ्यांशी संबंध नाही, असं सरकार सांगत राहिलं. डिसेंबर २००६मध्ये बोट्स्वानाच्याच उच्च न्यायालयाने २००२ची हकालपट्टी बेकायदा ठरवली. जमिनीखालचं सगळ्यांचं, हा निर्णय ज्या देशाने इतक्या शहाणपणाने केला, त्याने जमिनीवरच्या माणसांना मात्र सारखं मोजलं नाही. ही खंत मला पुसता येत नाही.

दुसरं अपयश हळूहळू समोर आलं. देशाची सुमारे ८० टक्के निर्यात हिऱ्यांचीच राहिली. तांबं-निकेलची ती खाण, जिच्यावर एके काळी सगळ्या आशा होत्या, कधी फार फायद्यात आली नाही आणि २०१६मध्ये बंद पडली. सेलेबी-फिक्वे शहर बेकार झालं. हिऱ्यांना पैलू पाडण्याचं काम देशात यावं म्हणून सरकारने आग्रह धरला, डी बीअर्सची कच्च्या हिऱ्यांची विक्री २०१३मध्ये लंडनहून गाबोरोनेला आली, काही भारतीय कंपन्यांनी तिथे कारखाने काढले. पण जगातले दहापैकी नऊ हिरे आजही सुरतेत घासले जातात आणि त्यांचा मोठा व्यवहार मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये होतो. तिथल्या दलालांच्या पुड्यांमधून बोट्स्वानाचे दगड रोज हातोहात फिरतात.

आणि त्याच सुरतेत आता प्रयोगशाळेत हिरा तयार होतो. रासायनिकदृष्ट्या तोही हिराच, किंमत मात्र कितीतरी कमी. २०२३च्या अर्थसंकल्पात भारत सरकारने त्याच्या बीजावरचं आयात शुल्क काढलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉशिंग्टनला तत्कालीन अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना साडेसात कॅरटचा असा हिरा भेट दिला. आपल्याकडे ही कौतुकाची बातमी झाली. गाबोरोनेत ती वेगळ्या नजरेने वाचली गेली असणार.

२०२४मध्ये बोट्स्वानाच्या खाणींतल्या हिऱ्यांची विक्री जवळजवळ निम्म्यावर आली आणि अर्थव्यवस्था आक्रसली. १९८१ची मंदी कालांतराने ओसरली होती; या वेळी ग्राहक दुसरीकडे वळला आहे, आणि गंगाजळीही पूर्वीइतकी भक्कम नाही. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून जेवढे, त्यांच्यापैकी सुमारे चौथा हिस्सा बेकार होता. ३० ऑक्टोबर २०२४च्या निवडणुकीत सेरेत्से आणि मासिरेंचा पक्ष ५८ वर्षांनी हरला. संसदेत त्याचे अवघे चार सदस्य उरले. राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी मतमोजणी पुरी होण्याआधीच पराभव मान्य केला आणि दुमा बोको यांनी सूत्रं घेतली. खनिजावर चालणाऱ्या किती देशांत सत्ता अशी हस्तांतरित होते? ऑगस्ट २०२५मध्ये बोको यांना दवाखान्यांतल्या औषधटंचाईमुळे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. दरम्यान डी बीअर्सची मालक अँग्लो अमेरिकन कंपनी ती विकायला निघाली आहे, आणि डी बीअर्समधला बोट्स्वानाचा १५ टक्के वाटा वाढवून तिचा ताबाच घ्यावा असं बोको यांचं म्हणणं आहे. भाव पडत असताना कर्ज काढून खाणव्यवसाय विकत घ्यावा की तो पैसा दुसऱ्या उद्योगांत लावावा, याचा वाद गाबोरोनेत सुरू आहे.